इंग्रजी क्रियापदाचं कर्म पुन्हापुन्हा का चुकतं, आणि ते कायमचं कसं सुधारायचं

तक्रार साधारण अशी असते. इंग्रजी वाचलेलं कळतं, शब्द पुरेसे आहेत, काळही बरेचसे जमतात. पण लिहिलेलं कुणाला दाखवलं की तो एखादा 'अबाउट' खोडतो, कुठे 'टू' घालतो, कुठे वाक्याच्या शेवटी 'इट' जोडतो. दुरुस्ती पटते. आणि पुढच्याच ईमेलमध्ये तीच चूक पुन्हा हजर असते.

'वी डिस्कस्ड अबाउट द बजेट.'
'प्लीज रिप्लाय मी.'
'आय रीच्ड टू पुणे.'
'ही टोल्ड दॅट ही इज बिझी.'
'कॅन यू एक्सप्लेन मी धिस?'
'आय सॉ द प्ले. आय लाइक्ड व्हेरी मच.'

ही सहा वाक्यं सहा वेगळ्या नियमांची वाटतात, म्हणून आपण सहा वेगळे नियम पाठ करायला बसतो. पण बिघाड एकाच जागी आहे. क्रियापद इंग्रजीतून घेतलेलं आहे आणि त्याच्या कर्माची व्यवस्था मराठीतून आलेली आहे.

शाळेतली चाचणी आधी तपासा

सकर्मक-अकर्मक ओळखायला आपल्याला एक युक्ती शिकवलेली असते. क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' विचारायचं, उत्तर आलं की क्रियापद सकर्मक. मराठी वाक्यावर ती बऱ्यापैकी चालते. अडचण अशी, की इंग्रजी क्रियापदालाही आपण हा प्रश्न मराठीतच विचारतो. 'लिसन' म्हणजे ऐकणे. काय ऐकतो? गाणी. उत्तर आलं, म्हणजे सकर्मक. मग 'आय लिसन साँग्ज' लिहून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात 'लिसन' अकर्मक आहे, गाण्यापर्यंत जायला त्याला 'टू' लागतो. आणि 'हिअर' या क्रियापदाचा अर्थही ऐकणे असाच. त्याला मात्र 'टू' चालत नाही, 'आय हर्ड अ साँग' असं थेट येतं. अर्थाला कितीही प्रश्न विचारले तरी या दोघांतला हा फरक हाती लागणार नाही, कारण तो अर्थात नाहीच. तो त्या-त्या क्रियापदाच्या रीतीत आहे.

'रीच' आणि 'अराइव्ह' यांचंही तेच. दोन्हींचा अर्थ पोचणे. मराठीत पोचणे अकर्मक, कारण आपण 'कुठे पोचला?' असं विचारतो आणि 'पुण्याला' असं उत्तर येतं. इंग्रजीत 'रीच' गावाला थेट कर्म करून घेतं, 'आय रीच्ड पुणे'. 'अराइव्ह' तसं करत नाही, 'आय अराइव्ड इन पुणे'. यात इंग्रजीचं काही जगावेगळं नाही. संस्कृतात 'ग्रामं गच्छति' म्हणतात, तिथे गाव चक्क द्वितीयेत, म्हणजे कर्म आहे. पाणिनीने 'कर्तुरीप्सिततमं कर्म' असं सांगितलं, कर्त्याला क्रियेतून जे सर्वाधिक मिळवायचं असतं ते कर्म. त्या व्याख्येने जाणाऱ्याचं गाव कर्म ठरतं. मराठीत मात्र आपण तेच गाव 'कुठे' या प्रश्नाच्या उत्तरात टाकतो. संस्कृत आणि मराठी इतक्या जवळच्या असून जिथे व्यवस्था बदलली, तिथे इंग्रजीने मराठीबरहुकूम चालावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. त्याआधीच्या पिढ्या पाचवीत इंग्रजीची मुळाक्षरं गिरवायच्या. तरीही माझ्या पाहण्यात या दोन्ही पिढ्या 'डिस्कस अबाउट' सारखंच लिहितात. सुरुवात लवकर झाली तरी चाचणी तीच राहिली, म्हणून मला दोष वयात नाही, चाचणीत दिसतो.

जास्तीचं 'टू', 'विथ', 'अबाउट' कुठून येतं

पहिला रस्ता 'ला' या प्रत्ययाचा. 'स, ला, ते, स, ला, ना, ते' हे आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे, आणि द्वितीया व चतुर्थीला तेच प्रत्यय आहेत हेही. म्हणजे 'मी रमेशला पाहिलं' यातला रमेश आणि 'मी रमेशला पुस्तक दिलं' यातला रमेश मराठीत दिसायला एकच. इंग्रजीत हे दोघे वेगळे पडतात. आपल्या डोक्यात 'ला' म्हणजे 'टू' अशी जोडी एकदा बसली, की 'आय आस्क्ड टू हिम', 'ही हेल्प्ड टू मी', 'कॉल टू मी टुमॉरो' ही वाक्यं आपोआप तयार होतात.

इथे उपाय म्हणजे दोन गट वेगळे करणं. आस्क, टेल, हेल्प, कॉल, मीट, थँक, टीच, इन्फॉर्म, अडव्हाइज, कॉन्टॅक्ट, आन्सर यांच्यामागे माणूस थेट येतो, मध्ये काही नको. से, स्पीक, टॉक, रिप्लाय, रिस्पॉन्ड, लिसन, कम्प्लेन, अपॉलजाइझ यांना माणसाआधी 'टू' लागतो. म्हणून 'आन्सर मी' बरोबर, पण 'रिप्लाय मी' चूक. तिथे 'रिप्लाय टू मी'. मराठीत दोन्हीकडे 'मला उत्तर दे' एवढंच आहे, त्यामुळे मराठीकडे बघून हे ठरणार नाही.

दुसरा रस्ता जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मराठीत कितीतरी क्रिया आपण नाम अधिक 'करणे' अशा जोडीने सांगतो. चर्चा करणे, लग्न करणे, विनंती करणे, मागणी करणे, वर्णन करणे, हल्ला करणे. या जोडीत शब्दयोगी अव्यय किंवा प्रत्यय लागतो तो त्या नामामुळे. अंदाजपत्रकाबद्दल चर्चा, मुलीशी लग्न, गावावर हल्ला. इंग्रजीतही नाम वापरलं की अगदी असंच घडतं. 'अ डिस्कशन अबाउट द बजेट' बरोबर आहे. 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', 'ॲन अटॅक ऑन द व्हिलेज', 'ॲन आन्सर टू द क्वेश्चन', 'एम्फसिस ऑन ग्रामर', 'अ व्हिजिट टू नाशिक' हे सगळं बरोबर आहे. पण नामाच्या जागी क्रियापद आलं की ते अव्यय गळून पडतं. 'डिस्कस द बजेट', 'अटॅक द व्हिलेज', 'आन्सर द क्वेश्चन', 'एम्फसाइझ ग्रामर', 'व्हिजिट नाशिक'.

आपल्या कानावर दोन्ही रूपं पडलेली असतात, म्हणून 'डिस्कस अबाउट' कानाला खटकत नाही. म्हणून लिहिताना थांबून एवढंच बघा: मी नाम लिहिलं आहे की क्रियापद? नाम असेल तर अव्यय राहू द्या. क्रियापद असेल तर ते काढून वाक्य पुन्हा वाचा. डिस्कस, मेन्शन, डिस्क्राइब, रिक्वेस्ट, ऑर्डर, डिमांड, एम्फसाइझ, एंटर (खोलीत शिरणे या अर्थी), मॅरी, रिझेंबल, लॅक या शब्दांवर ही एकच तपासणी लागू पडते. 'शी मॅरीड विथ अ डॉक्टर' नको, 'शी मॅरीड अ डॉक्टर'. 'गॉट मॅरीड' म्हटलं तर मग 'टू' लागतो, तिथेही 'विथ' नाही.

'एक्सप्लेन मी' आणि 'सजेस्ट मी'

देणे, सांगणे, दाखवणे, पाठवणे अशा क्रियापदांना दोन कर्मं असतात, वस्तू आणि माणूस. मराठीत त्यांना द्विकर्मक म्हणतात आणि ती सगळी एकाच साच्यात बसतात. 'मला पुस्तक दाखव', 'मला गणित समजावून सांग', 'मला नाव सुचव'. इंग्रजीत मात्र त्यांचे दोन गट पडतात. 'शो मी द बुक' चालतं, 'एक्सप्लेन मी द सम' चालत नाही. 'गिव्ह मी अ नेम' चालतं, 'सजेस्ट मी अ नेम' चालत नाही.

याचं कारण इंग्रजीच्या इतिहासात आहे. गिव्ह, टेल, शो, सेंड, लेंड, टीच ही इंग्रजीची मूळची जर्मानिक क्रियापदं, उच्चारायला बहुतेक एकाच अक्षराची. त्यांना वस्तूआधी माणूस थेट घेता येतो. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच दरबाराची भाषा झाली, आणि त्यानंतरच्या शतकांत फ्रेंच व लॅटिनमधून हजारो शब्द इंग्रजीत आले. एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, डोनेट, डेमॉन्स्ट्रेट, अनाउन्स, रिपोर्ट हे त्या वंशाचे. त्यांच्यात वस्तू आधी आणि माणूस 'टू' लावून नंतर येतो. 'एक्सप्लेन द सम टू मी', 'डिस्क्राइब द हाउस टू अस'. 'सजेस्ट'च्या बाबतीत माणूस बहुतेक वेळा सरळ वगळतात, 'कॅन यू सजेस्ट अ गुड डॉक्टर?'

अपवाद आहेत. 'ऑफर' आणि 'प्रॉमिस' लॅटिन वंशाचे असून 'ही ऑफर्ड मी टी', 'शी प्रॉमिस्ड मी अ बुक' चालतं. उलट 'से' अस्सल जुनं इंग्रजी असून 'से मी' कधीच होत नाही. तरीही अनोळखी क्रियापद लांबलचक आणि पुस्तकी वाटलं, तर माणसाला 'टू' लावून मागे ठेवा. बहुतेक वेळा ते बरोबर निघेल.

'से' आणि 'टेल' यांची गल्लत इथेच मिटते. 'टेल'ला ऐकणारा माणूस हवा असतो, 'ही टोल्ड मी दॅट ही वॉज बिझी'. माणूस सांगायचा नसेल तर 'सेड' वापरा. 'टेल द ट्रुथ', 'टेल अ लाय', 'टेल अ स्टोरी' अशा ठरलेल्या जोड्यांत मात्र 'टेल' माणसाशिवायही उभं राहतं.

गायब झालेलं कर्म

'डिड यू ब्रिंग?' 'आय विल सेंड टुमॉरो.' 'पुट हिअर.' 'आय डोन्ट लाइक.' व्हॉट्सॲपवरच्या निरोपांत हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो.

मराठीत कर्म गाळलं तरी काही बिघडत नाही, आणि त्याला भक्कम कारण आहे. 'पोळी खाल्लीस?' 'खाल्ली.' या एका शब्दात स्त्रीलिंगी, एकवचनी काहीतरी खाल्लं हे आलं. 'आंबा?' 'खाल्ला.' 'आंबे?' 'खाल्ले.' कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, म्हणून कर्म न उच्चारताही त्याची खूण क्रियापदावर राहते. 'मला नाटक आवडलं' यात तर क्रियापद नाटकाशीच जुळतं. 'मला' नुसता बाजूला उभा आहे. वर्तमानकाळात ही खूण नसते, पण संदर्भ असला की गाळायची मुभा तिथेही आहे. इंग्रजीत 'एट', 'लाइक्ड', 'ब्रॉट' यांच्यावर कर्माची कसलीच खूण उमटत नाही. म्हणून ती जागा भरून ठेवावी लागते, निदान 'इट', 'देम', 'वन' किंवा 'सम' असा एखादा शब्द ठेवून. 'आय लाइक्ड इट व्हेरी मच.' 'डिड यू ब्रिंग देम?' 'पुट इट हिअर.'

सगळ्याच क्रियापदांना ही सक्ती नाही, आणि इथे जरा बारकाईने बघावं लागतं. ईट, रीड, राइट, कुक, ड्राइव्ह, स्टडी, विन ही कर्माशिवाय सुखाने चालतात. 'हॅव यू ईटन?' म्हणजे 'जेवलास का?', आणि आपलंही 'जेवणे' कर्माशिवायच चालतं. 'ही ड्रिंक्स' म्हटलं की इंग्रजीत दारूच समजतात, आणि मराठीत 'तो पितो' म्हटलं तरी अर्थ तोच निघतो. अंडरस्टँड, फर्गेट, रिमेंबर, नो यांनाही संदर्भ पुरतो. पण लाइक, वाँट, नीड, ब्रिंग, टेक, बाय, मेक, फाइंड, यूज, मेन्शन यांची जागा रिकामी ठेवू नका. 'पुट' तर दोन गोष्टी मागतं, काय ठेवायचं आणि कुठे ठेवायचं. 'पुट द बुक' एवढ्याने इंग्रजी कानाचं समाधान होत नाही.

'एन्जॉय'साठी वेगळं सांगतो, कारण तो आपल्याकडे फार वापरला जातो. 'वी एन्जॉइड अ लॉट' हे 'आम्ही खूप मजा केली'चं शब्दशः रूप. नेमकं इंग्रजी 'वी एन्जॉइड अवरसेल्व्ज' किंवा 'वी एन्जॉइड द ट्रिप'. ताट पुढे ठेवताना म्हटलेलं एकटं 'एन्जॉय!' तेवढं चालतं.

'वॉज हॅपन्ड' आणि त्याची भावंडं

ज्या क्रियापदाला कर्म नाही त्याचा सहसा पॅसिव्ह होत नाही. तरीही 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड', 'द फाइल वॉज डिसअपिअर्ड', 'इट इज डिपेंडेड ऑन यू' अशी वाक्यं नियमित दिसतात. हॅपन, ऑकर, अपिअर, डिसअपिअर, अराइव्ह, डाय, एक्झिस्ट, रिमेन, डिपेंड, बिलाँग, कन्सिस्ट यांच्याआधी 'वॉज' लावून भूतकाळी रूप लिहिलं असेल तर 'वॉज' काढा. 'ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड.' 'इट डिपेंड्स ऑन यू.'

पॅसिव्हचा एक चांगला उपयोगही आहे. शाळेत व्हॉइस बदलायचे प्रश्न असतात, त्यांत 'दे लाफ्ड ॲट हिम' हे वाक्य दिलं की बरेच जण 'ही वॉज लाफ्ड बाय देम' लिहितात. बरोबर उत्तर 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय देम'. 'ॲट' हा 'लाफ'चा आहे, वाक्य उलटलं तरी तो सुटत नाही. 'लिसन्ड टू', 'लुक्ड आफ्टर' यांचंही तसंच. उलट 'द बजेट वॉज डिस्कस्ड' यात कुणी 'अबाउट' घालत नाही. म्हणजे संशय आला की वाक्य उलटून बघावं, अव्यय खरंच क्रियापदाचं आहे की आपण घातलेलं, याचा पुष्कळदा उलगडा होतो.

'राइझ-रेझ' आणि 'लाय-ले' या जोड्यांचा गोंधळ मराठी माणसाने खरं तर करू नये, कारण आपल्याकडे अशा जोड्यांची रेलचेल आहे. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे. पहिलं आपोआप होतं, दुसरं कुणीतरी करतं. इंग्रजीत अशा जुन्या जोड्या थोड्याच उरल्या: राइझ-रेझ, लाय-ले, सिट-सेट, आणि झाड पाडण्यासाठी फॉल-फेल. 'प्राइसेस रोझ', पण 'दे रेझ्ड द प्राइस'. 'ले' अवघड जातं, कारण 'लाय'चा भूतकाळही 'ले' असाच आहे: 'ही ले ऑन द बेड' म्हणजे तो पलंगावर पडून होता, आणि 'ले द बुक हिअर' म्हणजे पुस्तक इथे ठेव. बाकी ठिकाणी इंग्रजीने एकाच रूपावर भागवलं आहे. 'द ग्लास ब्रोक' आणि 'आय ब्रोक द ग्लास' ही दोन्ही बरोबर, जशी आपल्याकडे 'दार उघडलं' आणि 'त्याने दार उघडलं'. मराठी व्याकरणात यांना उभयविध म्हणतात.

वही अशी ठेवा

आतापर्यंतच्या याद्या बिघाड ओळखायला पुरतात. तो परत येऊ नये यासाठी शब्द टिपायची पद्धत बदलायला हवी. 'एक्सप्लेन = समजावणे' अशी नोंद अपुरी आहे. 'एक्सप्लेन समथिंग टू समबडी' अशी अख्खी नोंद करा. 'टेल समबडी समथिंग'. 'से समथिंग टू समबडी'. 'रिप्लाय टू समबडी'. 'डिस्कस समथिंग'. 'पुट समथिंग समव्हेअर'. मराठी अर्थ लिहायचा असेल तर खाली लिहा, आणि पाठ करताना वरची ओळ म्हणा.

या नोंदी विकत किंवा फुकट मिळणाऱ्या शिकाऊंच्या शब्दकोशांत तयार असतात. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवत, आणि क्रियापद कोणत्या साच्यात चालतं हे मुलांना साध्या कोशातून कळत नाही ही अडचण त्यांना रोज दिसत होती. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला, १९४८ साली ऑक्सफर्डने तो छापला, आणि क्रियापदांचे साचे नोंदवण्याची पद्धत तिथून रुळली. आज अशा कोशांत क्रियापदापुढे 'टी' अक्षर असतं तेव्हा ते सकर्मक, 'आय' असतं तेव्हा अकर्मक. काही कोश पूर्ण शब्द लिहितात. उदाहरणांतली ठळक अक्षरातली अव्ययं आधी बघा, अर्थ मागाहून. फक्त इंग्रजी-मराठी अर्थ देणारं ॲप या कामाला उपयोगाचं नाही, कारण ते नेमकं हेच वगळतं.

ईमेल पाठवण्यापूर्वी फक्त क्रियापदांवर एक नजर फिरवा. प्रत्येकाच्या उजवीकडे काय आहे ते बघा: थेट नाम, अव्यय, की रिकामी जागा. शंका येईल तो शब्द कोशात बघा आणि त्याच दिवशी वहीत उतरवा.

काही क्रियापदं दोन्ही रीतींनी चालतात आणि अर्थ बदलतो, ती वहीत शेजारीशेजारी लिहा. 'सर्च द बॅग' म्हणजे पिशवीची झडती घेणे, 'सर्च फॉर द बॅग' म्हणजे पिशवी शोधणे. 'अटेंड अ मीटिंग' म्हणजे बैठकीला हजर राहणे, 'अटेंड टू अ पेशंट' म्हणजे रुग्णाकडे लक्ष देणे. 'बिलीव्ह हिम' म्हणजे त्याचं म्हणणं खरं मानणे, 'बिलीव्ह इन हिम' म्हणजे त्याच्यावर विश्वास असणे. आणि प्रवासाचा निरोप लिहिताना जपून: 'आय लेफ्ट पुणे' म्हणजे मी पुण्याहून निघालो, 'आय लेफ्ट फॉर पुणे' म्हणजे मी पुण्याला यायला निघालो.